चूलबंद

शिरगणतीच्या बाई दारात उभ्या होत्या आणि मी अर्ध्या दाढीनिशी त्यांच्यासमोर. सेकंड शिफ्ट होती म्हणून सकाळी घरी सापडलो. बाई नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. सरकारनं हातात कागद देऊन त्यांना पिंपरीतले सगळे जिने चढायला लावले होते, त्यामुळे त्या आधीच वैतागलेल्या. नाव हनीफ मीरासाहेब मुलाणी, कंपनीत फिटर, बायको हसीना, मुलं दोन, आई ताजुन्निसा, आई दिवाळीपासून इथंच. जन्म कुठला, तर बोरजाई. बोरजाई कुठं आलं, तर भोसरीच्या पुढं, चाकणच्या रस्त्याला, इंद्रायणीच्या अलीकडं. बाईंनी ते सगळं भराभर उतरवलं आणि मान वर न करता विचारलं, "म्हणजे गावाकडचं घर आता बंद आहे ना?" मी म्हणालो, "बंदच म्हणायचं." बाई म्हणाल्या, "म्हणायचं काय? बंद की चालू, एक काहीतरी सांगा." हा प्रश्न मला कंपनीत दिवसातून कितीदा तरी विचारतात. मशीन बंद की चालू, लाइन बंद की चालू. मी फटकन उत्तर देतो आणि उत्तराप्रमाणे पाना हातात घेतो. इथं माझ्या हातात वस्तरा होता आणि तोंडाला साबण. "बंद," मी म्हणालो. आतून अम्मा खोकली. अम्माचा खोकला मी आयुष्यभर ऐकलाय, भिंतीआडूनसुद्धा तो कितव्या पायरीवर आहे ते मला कळतं. हा तिचा नेहमीचा खोकला नव्हता. मुद्दाम खोकल्यासारखा होता. पण बाई खाली उतरल्या, साबण वाळायला लागला, आणि मी ते तिथंच सोडून दिलं.

"काय म्हणत हुती बाई?" अम्मानं विचारलं. "गावचं घर बंद हाय का म्हणून इचारत होती." "मग तू काय सांगितलंस?" "बंद हाय म्हणून सांगितलं." "तुला काय ठावं?" असं म्हणून तिनं तोंड फिरवलं आणि तसबीचे मणी ओढायला लागली. दोन मणी ओढले असतील, लगेच थांबून म्हणाली, "आवतण आलं का रं?" गेले आठ दिवस ती हेच विचारत होती. मी न्हाई म्हणालो आणि राहिलेली अर्धी दाढी करायला आरशासमोर गेलो. आरशात माझा चेहरा एका बाजूनं पिंपरीचा आणि एका बाजूनं बोरजाईचा दिसत होता. दाढी उरकल्यावर सगळाच पिंपरीचा झाला. मला वाईट वाटलं. कशाचं ते तेव्हा सांगता आलं नसतं, आता सांगतो. माझ्या तोंडानं मी आमचं घर गावातून वजा केलं होतं.

आवतण म्हणजे काय ते पिंपरीच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. हसीना सोलापूरची, तिलाही लग्नानंतर सांगावं लागलं होतं. माघी पुनवेला आमच्या बोरजाई देवीची जत्रा, गावाचं नाव तिच्यावरूनच. बाहेरगावी आमंत्रण जातं ते घरटी एक, म्हणजे एका घरातनं एकानं यावं, मान घ्यावा, जेवावं आणि गप जावं. पण गावातल्या गावात असतं ते चूलबंद आवतण. घरातली झाडून सगळी माणसं, तान्ही, म्हातारी, आलेला पाव्हणा, माहेरी आलेली लेक, सगळी देवीपुढं जेवायला. त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. पेटवली तर देवीचा अपमान. हे आवतण देतो कोंडीराम गुरव. पुनवेच्या आधी तो संध्याकाळी धूर निघायच्या वेळेला गावातनं फिरतो. ज्या घरातनं धूर निघतो त्या घराच्या उंबऱ्यापुढं उभा राहतो आणि घराचं नाव घेऊन ओरडतो, "मुलाण्याचं घर, चूलबंद!" उंबऱ्याला हात लावतो आणि पुढं जातो. ज्या घराला धूर नाही तिथं तो थांबत नाही. आवतण उंबऱ्यावरच द्यायचं. रस्त्यात, बाजारात, एसटीत ते तोंडातून काढायचंसुद्धा नाही. आमचं घर गावात एकटंच मुसलमानाचं, पण जत्रेत आमच्यावाचून पान हलत नाही. पहिल्या बोकडावर बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायची ती मुलाण्यानंच, त्याशिवाय गावातला एकही पाटील त्या मटणाला शिवत नाही. आधी आजोबा, मग अब्बा, अब्बांच्या मागं मी. त्या दिवसाची रजा मी सुपरवायझरकडं मागत नाही, नुसती सांगतो.

आणि हाच कोंडीराम मला गेल्या सोमवारी पिंपरीच्या बाजारात भेटला होता. त्याच्या पिशवीत खोबऱ्याच्या वाट्या होत्या, म्हणजे जत्रेचीच खरेदी. आम्ही गुळाच्या दुकानापुढं उभं राहून चहा घेतला. त्यानं हसीनाभाभीची चौकशी केली, पोरांची केली, अम्माच्या दम्याची केली. मारुतराव पाटलांनी यंदा ठरवलंय म्हणाला, गाव लई वाढलंय, सगळ्यांना बसवलं तर बोरजाईलाच घास उरायचा न्हाई, तवा जुनं उंबरं तेवढं जेवायला, भाडेकरू न्हाईत. मी वाट बघत होतो. मी बशीतला शेवटचा घोट मुद्दाम ठेवून दिला, म्हटलं आता म्हणेल, नंतर म्हणेल. त्यानं मिशा पुसल्या, म्हणाला, "घर बरं हाय तुमचं, काळजी करू नगा," आणि गेला. घर बरं हाय. कुलूप लावलेलं घर बरं असायला काय झालंय? आवतण रस्त्यात देत नाहीत हे मला चांगलं माहीत आहे. पण जुना सोबती, शाळेत एका पाटीवर लिहिलेलं, निदान डोळ्यांनी तरी सांगेल की नाही? त्यानं डोळ्यांनीही सांगितलं नाही. त्या दिवसापासून माझ्या छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाजत होतं, आणि त्यात या बाई आल्या, बंद की चालू विचारत.

मी लहान होतो तेव्हा बोरजाई सत्तर-पाऊणशे उंबऱ्यांचं गाव. अब्बा म्हणायचे, त्यांच्या लहानपणीही तेवढंच होतं. माणसं मरायची, जन्मायची, पण गाव तेवढंच राहायचं. संध्याकाळी टेकाडावर शेरडं घेऊन बसलो की खाली सगळा धूर एका उंचीवर जमायचा आणि त्यातनं कुठला कुणाचा ते ओळखायचा आमचा खेळ होता. पाटलाचा जाड, कारण त्यांच्याकडं माणसं जास्त. आमचा बारीक आणि थोडा काळा, कारण अम्मा बाभळीच्या ओल्या काटक्या घालायची, कितीही सांगितलं तरी. बासष्ट साली टेकाडावर टोप्या घातलेली माणसं दुर्बीण लावून बसली. अब्बा म्हणाले, चीनच्या लढाईचं काहीतरी असणार. लढाईचं नव्हतं, कारखान्यांचं होतं. दोन-तीन वर्षांत पिंपरीपासून भोसरीपर्यंत पत्र्यांची छपरं उठली आणि गावातली पोरं डबे घेऊन सायकलीवरून निघाली. त्यात मीही होतो. तेव्हा सगळे म्हणाले, आता गाव ओसाड पडतंय. झालं उलटंच. आम्ही बाहेर पडलो त्याच वाटेनं बाहेरची माणसं आत आली. लातूर, बीड, चिपळूण, कुठनं कुठनं. गोठ्यांच्या खोल्या झाल्या, खोल्यांच्या चाळी झाल्या. दुष्काळाच्या वर्षी तर खाणीच्या कडेला पत्र्यांची एक रांगच उठली. आता टेकाडावर बसलं तर धूर ओळखू येत नाही, आणि बऱ्याच जणांकडं रॉकेलचे स्टो, त्यांना तर धूरच नाही. गाव एवढं फुगलं की मला त्यात आमचं घर शोधावं लागायला लागलं. माणसं कमी झाली की गाव मरतं हे सगळ्यांना कळतं. वाढली की काय होतं याला काही शब्द आहे का, मला माहीत नाही.

कमी होणाऱ्या गावाबद्दल मला मुसानं सांगितलं होतं. आमच्या शॉपमध्ये चौऱ्याहत्तर साली फ्रान्सची, चाकांना दाते पाडायची मशीनं आली, आणि ती बसवायला सहा फुटी, लाल मानेचा एक माणूस. पुण्याचे दुभाषे साहेब त्याला 'मोस्ये, मोस्ये' करायचे. आमच्या कानांनी त्याचं मुसा केलं. मी तर पहिल्या दिवशी त्याला मुसलमानच समजलो आणि अदबीनं सलाम आलेकुम केलं. त्याला वाटलं इकडं असंच म्हणत असतील, तोही म्हणाला, "सालाम!" पुढं मोस्ये म्हणजे नुसतं 'साहेब' हे कळलं, तोपर्यंत उशीर झाला होता. अख्खी शॉप त्याला मुसासाहेब म्हणत होती आणि तो ओ देत होता. मला त्याच्या हाताखाली दिलं. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा थोडंसंच बरं, त्यामुळे आमचं छान जमलं. एकदा वीज गेली, मशीन थांबलं, तेव्हा त्यानं मला गाव विचारलं आणि मग स्वतःचं सांगायला खडू घेतला. शॉपच्या काळ्या जमिनीवर त्यानं एक डोंगर काढला, त्यावर चर्च, चर्चभोवती घरं, आणि प्रत्येक घराच्या धुराड्यातून धुराची एक वेलांटी. हे आजोबांच्या वेळचं, म्हणाला. मग अंगठ्यानं एकेक वेलांटी पुसायला लागला. पहिल्या मोठ्या लढाईत एवढे गेले. चौकात एक दगड आहे त्यावर त्यांची नावं, आणि आज गल्लीत दिसतात त्यापेक्षा दगडावरची माणसं जास्त. मग शहरातल्या कारखान्यांत एवढे गेले. शाळा दोन वर्गांची होती ती एकाची झाली, मग कुलूप. पाववाला मोटारीतून येतो, हॉर्न वाजवतो, कुणी आलं नाही तर निघून जातो. शेवटी एका टोकाला एकच वेलांटी उरली. "माझी आई," मुसा म्हणाला. आणि मग हसून त्यानं आजूबाजूच्या दोन-तीन घरांवर पुन्हा वेलांट्या काढल्या. मला समजेना. त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं, तेव्हा समजलं. त्याच्या आईकडं बंद घरांच्या किल्ल्या होत्या. थंडीत म्हातारी एकेका घरात जाऊन शेकोटी पेटवायची. नळ गोठू नयेत म्हणून, असं ती सांगायची. मुसा म्हणाला, नळांचं काही नाही, तिला खिडकीतून धूर दिसायला हवा असतो.

हे मी घरी येऊन अम्माला सांगितलं. तेव्हा आम्ही सगळे बोरजाईतच होतो. ती भाकरी थापता थापता थांबली. "एकटी?" म्हणाली. "एवढ्या घरात एकटी फिरती?" मग तिनं हुकूमच सोडला, "त्या मुसाला जत्रंला घिऊन ये." मी आणला. कोंडीरामनं पंगतीत विचारलं, "ह्यो कुठल्या उंबऱ्याचा?" अम्मा पंगतीतूनच ओरडली, "माझ्या!" झालं, विषय संपला. मुसाला मांडी घालता येईना. पाय एकीकडं, पत्रावळ एकीकडं. रश्शाचा पहिला घास घेतला आणि मुसाच्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते थांबेना. पोरं खिदळायला लागली. तेव्हा मारुतराव पाटील, जे एरवी साहेबासमोरसुद्धा खुर्चीतून उठत नाहीत, ते उठले, देवीपुढचा गुळाचा खडा आणला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या पत्रावळीवर ठेवला. "खावा, मुसासायब," म्हणाले, "उतरंल." जेवून टेकाडावर गेलो तर मुसा गावाकडं बघून गंभीर झाला. एकाही घरातनं धूर नव्हता. त्यानं मला विचारलं, काय झालं, कुणी गेलं का? मी त्याला चूलबंद समजावून सांगितलं. सगळी चूल सोडून एका ठिकाणी जेवायला गेलीत म्हणून धूर नाही, असं सांगितलं. तो कितीतरी वेळ हसत राहिला आणि मग डोळे पुसत राहिला. आता रस्सा तर केव्हाच उतरला होता. त्याच्या गावात धूर नाही म्हणजे माणूस नाही, आणि आमच्यात वर्षातून एक दिवस धूर नाही म्हणजे सगळी माणसं एकत्र. मशीनं बसली, मुसा गेला. अम्मा मात्र दर थंडीत विचारायची, "मुसाच्या गावात आता किती चुली असत्याल रं?" जशी काही ती एसटीनं जाऊन बघून येणार होती. मी काहीतरी सांगायचो. असतील तीन. असतील दोन. एका वर्षी चुकून मी 'एक' म्हणालो तर त्या रात्री ती जेवली नाही. तेव्हापासून मी दोनच्या खाली उतरलो नाही.

मला पिंपरीत हाउसिंग बोर्डाची खोली मिळाली तेव्हा अम्मा आली नाही. चूल कोण पेटवणार, म्हणाली. दोन-अडीच वर्षं मी दर रविवारी सायकल मारत गावी जायचो आणि लांबूनच आमचा बारीक काळा धूर दिसला की पाय हलके पडायचे. मग तिचा दमा वाढला. डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं की बाईला धुरापासून लांब ठेवा, चुलीपुढं बसू देऊ नका, नाहीतर मला सांगू नका. मी कसा आनंद मानावा? ती माझ्याकडं येणार म्हणून मनातून बरं वाटलं आणि आमची चूल थांबणार म्हणून वाईट वाटलं, दोन्ही एकदमच. दिवाळीत मी तिला आणायला गेलो तर तिचं बोचकं बांधून तयार. रडणं नाही, भांडण नाही. "तू फुडं हो, मी कुलूप लावून येते," म्हणाली. मी फाट्यावर जाऊन थांबलो. ती आली, किल्ली कमरेच्या पिशवीत खोचली असं मला वाटलं, आणि आम्ही निघालो. एवढं सोपं कसं झालं याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं. पण आपल्या सोयीचं घडलं की माणूस नवल करत बसत नाही.

पुनवेच्या सकाळी अम्मा न्हाऊन, नवं लुगडं नेसून दारात उभी. हातात फडक्यात गुंडाळलेली अब्बांची सुरी. "चल." "अम्मा, आवतण आलं न्हाई." "माझ्या घरी जायला मला आवतण कशाला?" "घरी न्हाई, जत्रंला चाललीयास तू." "एकच की." हसीना गालात हसत होती आणि पोरांना कपडे घालत होती. मी एकटाच गोंधळलेला. बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसलो. मला लाज वाटत होती. न बोलावता, सुरी घेऊन, बायकापोरांसह पंगतीला जाणारा माणूस मी. जर कोंडीरामनं यंदा भोसरीचा दुसरा मुलाणी बोलावला असेल तर? तो तिथं बोकडापाशी उभा असेल, आणि अम्मा हे फडकं उलगडेल, आणि सगळे कुठंतरी दुसरीकडं बघतील. त्या दुसरीकडं बघण्याची मला भीती वाटत होती. कुणी वाईट बोलणार नाही, माहीत होतं. उलट खुर्ची देतील. पाव्हण्यांना देतात तशी.

फाट्यावर उतरलो. खाली गाव, आणि गावावर धुराची एक रेघ नाही. चूलबंद. चूलबंदच्या दिवशी कुलूप लावलेलं घर आणि भरलेलं घर लांबून एकसारखीच दिसतात. मला त्यातही बरं वाटलं, म्हटलं आज तरी आमचं घर वेगळं दिसणार नाही. अम्मा दम्याची माणूस, पण आज माझ्या पुढं चालली होती. चाळी ओलांडल्या, पिठाची नवी गिरणी ओलांडली, जिथं शेरडं बांधायचो तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं ते ओलांडलं, आणि आमचं घर आलं. दाराला कुलूप नव्हतं. उंबरा सारवलेला, वर हळदीकुंकू नाही, रांगोळी नाही, पण शेणाचा हात ताजा. आत एक अनोळखी बाई एका पोरीच्या डोक्याला तेल लावून वेणी घालत होती. मी दारातच थांबलो, घर चुकल्यासारखा. ती बाई उठली, डोक्यावर पदर घेतला आणि अम्माला म्हणाली, "या आजी. वाट बघूलालो आमी." मी सरळ आत गेलो, चुलीपुढं बसलो आणि राखेत हात घातला. वरची राख गार होती. बोटं खाली गेली आणि खाली ती ऊन होती. रात्री उशिरापर्यंत पेटलेल्या चुलीची असते तशी ऊन. मी हात तसाच आत ठेवून बसलो. अब्बा गेले त्या दिवशीही मी एवढा वेळ चुलीपुढं बसलो नव्हतो.

"किल्ली मीच दिली," अम्मा माझ्या मागून म्हणाली. "ही सोजरबाई. हिचा दादला भीमराज, भोसरीला भट्टीवर कामाला हाय. खाणीपाशी पत्र्यात राहत हुती. हिरीवर भेटायची मला. म्हणलं, भाडं नगं, काय नगं. स्टो लावायचा न्हाई, दोन वक्ताला चूल पेटवायची, एवढंच." सोजरबाई म्हणाली, "आजीनं सांगितलंय, ओल्या काटक्या घालायच्या थोड्या. धूर दिसाया पायजे. डोळे जातेत हो माझे." अम्मानं मान डोलावली, जणू त्यात गैर काहीच नाही. मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस. म्हणाली, "तू फिटर. तुला चालू न्हाई तर बंद, एवढंच कळतं." आणि मग, जरा आवाज खाली घेऊन, "त्या मुसाच्या आईला जमतंय, मला का जमू नये?" मला हसू आलं. डोंगरावरच्या त्या म्हातारीला कधीतरी कळेल का, की तिच्या शेकोटीचा धूर इंद्रायणीच्या काठी आमच्या कौलांतून निघतोय? "आणि आवतण?" मी विचारलं. सोजरबाईच म्हणाली, "आलंय की. चार दिवस झाले. गुरवमामा दारात ओरडून गेले, मुलाण्याचं घर चूलबंद. म्हून तर चूल नाई पेटवली आज. आमी बी यायचं असंल ना?" तिला भाडेकरूंचा नियम कुणी सांगितला नव्हता. तिच्या दृष्टीनं त्या घरात चूल पेटवणारी ती होती, आणि आवतण त्या घराला होतं. मी अम्माकडं पाहिलं. अम्मा पोरीची सुटलेली वेणी घालत होती.

देवळापुढं बोकड उभा होता आणि कोंडीराम पायांच्या चवड्यांवर उभा राहून वाट बघत होता. "किती येळ रं हनिफा!" तो ओरडला. "समदं गाव उपाशी!" दुसरा मुलाणी वगैरे कुणी नव्हता. मी फडकं उलगडलं, बिस्मिल्ला म्हटलं, सुरी फिरवली. मग पंगत बसली. आमच्या उंबऱ्याच्या पंगतीत अम्मा, हसीना, माझी पोरं, आणि त्यांच्या पलीकडं सोजरबाई, तिच्या तीन मुली आणि भीमराज. भीमराज ताठ बसला होता, देवीकडं पाठ नाही आणि तोंडही नाही, असा तिरका. मला हळूच म्हणाला, "भाऊ, आमी बुद्धाचे. देवीला हात जोडणार नाई. जेवायला बोलावलं म्हून आलाव." माझ्या लहानपणी याच देवळामागं, सगळ्यांचं झाल्यावर, गावकुसाबाहेरच्या वस्तीची वेगळी पंगत बसायची. मग त्या वस्तीतल्या लोकांनी दीक्षा घेतली आणि त्या पंगतीला यायचंच सोडलं, बरंच केलं. तेव्हापासून ती जागा मोकळीच होती. भीमराज तिथं बसला नव्हता. तो पाटलांच्या समोरच्या रांगेत बसला होता, मुलाण्याच्या घरचा म्हणून, आणि त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, किंवा सगळंच ठाऊक होतं.

मारुतराव पाटील पंगत बघत बघत आले. आमच्यापाशी थांबले. "कोंडीराम, ही माणसं?" कोंडीराम म्हणाला, "धूर दिसला, आवतण दिलं. तोंडातनं गेलं ते गेलं, आता मागं कसं घिऊ?" "अरं पण भाडेकरू न्हाईत असं ठरलंय ना? हनीफ, ही तुझ्या घरची का?" सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. भीमराजनं हात गुडघ्यावर टेकला, उठायच्या तयारीत. त्या हातावर भट्टीचे डाग होते. मी 'व्हय' म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या आधी अम्माच बोलली.

"भाडं कोण घेतंय? माझी चूल पेटवत्यात त्ये. उंबऱ्याची माणसं आणिक कशी असत्यात, मारुती?" मारुतरावांना मारुती म्हणणारी गावात आता तीच उरली होती. तिनं त्यांना लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. कोंडीराम पत्रावळींचा गठ्ठा छातीशी धरून मध्येच उभा. "मग किती पानं मांडू, ताजूबी?" अम्मानं बोट दाखवत सगळ्यांची नावं घेतली, माझं, हसीनाचं, पोरांचं, भीमराजचं, सोजरबाईचं, तिच्या तिन्ही मुलींचं, आणि शेवटी म्हणाली, "आणि एक मुसाचं."

"मुसा? त्यो गोरा?" कोंडीराम इकडंतिकडं बघायला लागला. "त्यो आलाय व्हय?"

"न्हाई आला. त्याच्या गावात चूलबंद म्हणून वरडायला कुणी उरलंय का न्हाई, अल्लाला ठावं. माझ्या उंबऱ्यावर जेवून गेलाय त्यो. त्याचं पान माझ्यात मांड."

भीमराज गुडघ्यावरचा हात काढून घेईना. कोंडीरामनं पाटलांकडं बघितलं. मग पाटील वाकले, कोंडीरामच्या हातातून त्यांनी पत्रावळी घेतल्या आणि रांगेनं स्वतः मांडत निघाले. अम्मापुढं एक, माझ्यापुढं एक, भीमराजपुढं एक. भीमराजनं हात खाली घेतला. शेवटची पत्रावळ त्यांनी आमच्या रांगेच्या टोकाला, कुणीच बसलेलं नव्हतं तिथं, मातीवर हातानं नीट सपाट करून ठेवली. आणि देवळाकडं वळून ओरडले, "रस्सा आणा रं. आणि थोडा गूळ बी आणा, ह्याला तिखट सोसत न्हाई."